डबलडेकरवाल्या काकांची मुलाखत, चुनाभट्टी : शूटच्या तयारीच्या नोंदी

५ जानेवारी : जागा बघितली

काम असं आहे. बेस्टची डबलडेकर चालवून रिटायर झालेले एक काका, वय ७३, त्यांची कॅमेऱ्यासमोर दीडेक तासाची मुलाखत घ्यायचीय. एका छोट्या संस्थेच्या संग्रहासाठी आहे, त्यामुळे मोबाईल टेकवून उरकायचं नाही, दोन कॅमेरे आणि धड साऊंड पाहिजे असं त्यांनी आधीच सांगितलंय. डिझेलच्या डबलडेकर मुंबईत १९३७ पासून होत्या, १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, आणि त्या वर्षानुवर्षं चालवलेले लोक आता सत्तरीच्या आसपास आहेत, म्हणून घाई. बजेट दहा हजार. माणसं तीन, मी (प्रश्न आणि साऊंड), कॅमेरामन मित्र आणि उचल-ठेव करायला त्याचा चुलतभाऊ.

काकांचं घर चुनाभट्टीला, तिसरा मजला, जुनी बिल्डिंग, आणि बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली की समोर हार्बर लाईनच्या लोकलचे रूळ. मित्र खिडकीतला उजेड बघून खूष झाला. मी हेडफोन लावून रेकॉर्डर चालू करून नुसता बसलो. हे सगळ्यांना सांगेन, जागा बघायला जाताना कॅमेरा नेला नाही तरी चालेल पण हेडफोन न्या, कारण आपल्या कानाला मुंबईची सवय झालेली असते, माईकला नसते. वीस मिनिटांत काय काय आलं ते लिहून घेतलं: लोकल, दर चार-पाच मिनिटांनी, कधी दोन्ही बाजूंनी एकदम. जवळच फाटक असल्यामुळे मोटरमन भोंगा देतो तो वेगळा. भंगारवाला. कावळे. खालच्या घरातली कुकरची शिट्टी. काकांच्याच घरातला फ्रीज, जो खोलीच्या कोपऱ्यात आहे आणि मधूनच थरथरून बंद होतो. कुर्ला-घाटकोपरवरून उतरणारी विमानं लांबून ऐकू येतात, ती चालतील.

दुसरीकडे शूट करावं का यावर बराच वेळ गेला. स्टुडिओ तासावर मिळतो पण अंधेरीला, काकांचे गुडघे दुखतात आणि काळ्या पडद्यासमोर बसवलं की माणूस साक्ष द्यायला आल्यासारखा बोलतो. आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे बॅकग्राऊंड मस्त मिळेल, पण परवानगीचा पत्रव्यवहार आला. रस्त्यावर, बागेत ट्रायपॉड लावायचा तर त्याचीही परवानगी लागते, गोरेगावच्या फिल्मसिटीवाल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे त्यातून अर्ज करायचा, आणि रेल्वेची हद्द आली की रेल्वेचं सगळं वेगळं. घरातच करायचं ठरलं. घरात काकू पण आहेत, हा मुद्दा पुढे कामाला आला.

९ जानेवारी : काकांशी गप्पा (मुद्दाम अर्धवट)

आज कॅमेऱ्याशिवाय गेलो. यात एक धोका असतो, माणूस सगळ्या गोष्टी चहा पिताना सांगून टाकतो आणि मग शूटच्या दिवशी तीच गोष्ट शिळी होऊन येते, वर "मागे सांगितलं ना तुला" हे शेपूट. म्हणून मी फक्त मथळे घेतले. नोकरीला कधी लागलात, कुठले डेपो, कुठले रूट (कुर्ला ते वांद्रे ३१० बरीच वर्षं), सोबतचे कंडक्टर किती. काका रंगात आले की मी "हे कॅमेऱ्यासमोर" म्हणून थांबवायचो. दोन-तीनदा थांबवल्यावर ते जरा वैतागलेच, म्हणाले मग आलास कशाला रे?

पण एक गोष्ट थांबवायच्या आत निघून गेली आणि बरं झालं निघाली. डबलडेकरला कंडक्टर दोन, एक खाली एक वर. ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये एकटा, त्याला मागचं काही दिसत नाही, सगळा कारभार दोरीच्या घंटीवर. एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल. हे सांगताना काकांनी समोरच्या स्टीलच्या ग्लासवर अंगठी वाजवली, टण. मग टण टण. आणि दुसऱ्या टणला त्यांचा उजवा पाय लादीवर जरासा दाबला गेला. त्यांना पत्ता नाही. मी लगेच वहीत लिहिलं की फ्रेम कमरेपर्यंतची ठेवायची नाही, दुसरा कॅमेरा पूर्ण बसलेला माणूस दिसेल असा लावायचा आणि पाय कापायचे नाहीत. ग्लास पण तिथेच ठेवायचा. मित्र म्हणतो ग्लासचा आवाज माईकला टोचेल, टोचू दे.

प्रश्न कसे विचारायचे याची पण एक चाचणी घेतली. माझा आवाज नंतर कापणार, म्हणून पुस्तकी सल्ला असा की समोरच्याला सांगा, प्रश्न उत्तरात घेऊन बोला. सांगितलं. तर काका शाळेतल्यासारखं "मी बेस्टमध्ये कधी लागलो? तर मी बेस्टमध्ये…" असं सुरू झाले. ते सोडून दिलं. त्यापेक्षा प्रश्नच "कधी", "किती" असा न विचारता "पहिल्या दिवशी गाडी बाहेर काढली त्याचं सांगा" असा टाकला की उत्तर आपोआप स्वतःच्या पायावर उभं राहतं.

१३ जानेवारी : साऊंड टेस्ट

आज अर्धा दिवस यातच गेला. खोली दहा बाय बारा, खाली लादी, भिंती नागड्या, टाळी वाजवली की खणखणतं. फोमबिम काही आणायची गरज नाही, काकूंनी माळ्यावरून गोधड्या काढून दिल्या, दोन कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर टाकल्या, एक काकांच्या पायाखाली (फ्रेममध्ये दिसणार नाही तेवढीच), आणि गादी उभी करून स्वयंपाकघराच्या दाराला लावली. फरक लगेच कळतो. पंखा बंद, म्हणूनच हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करतोय. मे महिन्यात पंखा बंद करून ७३ वर्षांच्या माणसाला लाईटसमोर बसवणं म्हणजे पाप आहे.

फ्रीज बंद केला. नंतर चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवली, किल्लीशिवाय घरी जाताच येत नाही.

खरा त्रास शर्टाने दिला. काकांना युनिफॉर्मचा खाकी शर्टच घालायचाय, ते ठीक, उलट उत्तमच. पण काकूंनी तो आठवणीने कडक स्टार्च करून ठेवलेला. कॉलर माईक लावला तर प्रत्येक श्वासाला पापड मोडल्यासारखा आवाज. माईकची जागा बदलून बघितली, बटणांच्या पट्टीवर, कॉलरखाली, खिशाच्या वर, सगळीकडे तेच. शेवटी शर्ट पुन्हा धुवायचा, स्टार्च नाही, इस्त्री हलकी. माईक आतल्या सुती बनियनला मायक्रोपोर टेपने चिकटवायचा आणि वायरीचा एक छोटा वेढा करून तोही टेपखाली दाबायचा म्हणजे ओढ माईकपर्यंत येत नाही. साधी मेडिकलवाली टेप. कपड्याची चिकटपट्टी घामाने सुटते. (बारीक चौकडीचे शर्ट असतील तर तेही टाळा, स्क्रीनवर किडे वळवळल्यासारखं दिसतं.)

कॉलर माईकच्या जोडीला वरून बूमवर (लांब दांडीवर) शॉटगन माईक (जिकडे तोंड तिकडचाच आवाज जास्त घेणारा), फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काकांच्या छातीकडे तोंड. बूम जवळ आणण्यात कंजुषी करू नका, अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने (डीबी) वाढतो आणि खोलीचा, रेल्वेचा आवाज आहे तिथेच राहतो. फुकटचा फायदा आहे. रेकॉर्डरची लेव्हल मोठ्या आवाजाला उणे १२ डीबीच्या आसपास ठेवली, कारण काका मधूनच हसतात आणि ते हसणं खोलीपेक्षा मोठं आहे.

१८ जानेवारी : लाईट

हे लवकर उरकलं. घरातली एलईडी ट्यूब कॅमेऱ्यात फडफडत होती, पट्टे वर सरकताना दिसत होते. मित्राने कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमला ठेवलेला, सिनेमासारखं दिसतं म्हणे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, विषय संपला. संपला असं वाटलं, ती ट्यूब तरी थोडी चमकतच होती, मग ती बंदच करून टाकली आणि दोन भाड्याच्या एलईडी पॅनलवर काम करायचं ठरवलं. खिडकीचा उजेड नको, ती पश्चिमेची आहे, दुपारी तीननंतर ऊन आत सरकतं आणि एकाच उत्तरात काकांचा चेहरा दोन रंगांचा होतो. खिडकी बंद, आतून जाड पडदा, आवाजालाही बरं.

चष्मा. काकांच्या चष्म्यात दोन्ही पॅनल चौकोनी चमकत होते. लाईट वर नेऊन खाली झुकवला आणि चष्म्याच्या काड्या कानावर केसभर उचलल्या, गेले. काडीखाली काही भरायची गरज पडली नाही.

बिल्डिंगचं वायरिंग जुनं, भिंतीतलं सॉकेट सैल, प्लग लटकतो आणि ठिणगी येते. चांगला स्पाइक गार्ड विकत घेतला, ४५० रुपये.

उद्याच करून टाकू असं एकदा मनात आलं, पण जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे मॅरेथॉन, आणि मित्र माहीमला राहतो, तिकडून सामान घेऊन सकाळी बाहेर पडणं विसरा.

२० जानेवारी : तारीख ठरवणे

लोकलचं काय करायचं हा प्रश्न अजून उभाच आहे. मधे मधे थांबून बोलायला सांगितलं तर काका तुटतात, गाडी गेली की "कुठे होतो मी?" तेव्हा काकूच म्हणाल्या, अरे मग मेगाब्लॉकला ये ना. इतके दिवस डोक्यात आलं नाही ते स्वयंपाकघरातून आलं. ज्या रविवारी हार्बरला सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे असा ब्लॉक असतो त्या दिवशी साधारण अकरा-साडेअकरापासून चार-साडेचारपर्यंत इकडून गाडी जात नाही. अख्खी मुंबई ज्याला शिव्या घालते ते आपल्याला फुकटात मिळतंय. फक्त ब्लॉक दर रविवारी ह्याच पट्ट्यात नसतो, कधी कुर्ला-वाशी असतो कधी पनवेलकडे, आणि नक्की वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच पेपरात येतं. म्हणजे भाड्याच्या दुकानाला आधीपासून तारीख देऊन ठेवायची आणि शुक्रवारी-शनिवारी बदलायची तयारी ठेवायची.

मी सुट्टीचा म्हणून २६ जानेवारी धरला आणि हजार रुपये ॲडव्हान्स भरले. काकूंना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या. २६ ला बिल्डिंगमध्ये सार्वजनिक सत्यनारायण, सकाळी झेंडावंदन, मग पूजा, संध्याकाळपर्यंत गच्चीवर भोंगा. ॲडव्हान्स परत मिळाला नाही. शूटची तारीख ठरवताना रेल्वेच्या आधी बिल्डिंगच्या सेक्रेटरीला विचारा.

८ फेब्रुवारी : सामान आणलं

उद्याचा ब्लॉक आपल्याच पट्ट्यात आहे, पेपरात बघितलं. अंधेरीहून सामान आज संध्याकाळीच उचललं, दुकान रविवारी बंद म्हणून शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एकाच दिवसाचं भाडं लावतात, बऱ्याच ठिकाणी असं आहे, विचारून घ्या. टॅक्सीत चांगलाच वेळ गेला, शीवचा रेल्वेवरचा पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद केलेला, ते ड्रायव्हरच्या मॅपला माहीत होतं पण ड्रायव्हरला पटेना, मग धारावीतून वळसा. ६९० रुपये. दुकानात प्रत्येक बॅटरी लावून बघितली, एक फुगलेली निघाली, बदलून घेतली. कॅमेरा रात्री एसीत ठेवू नका, सकाळी दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि सुटायला वेळ घेते.

काकांना फोन करून एवढंच सांगितलं, उद्या बाराला जेवा, हलकं जेवा, थोडं पडा, दीडला चहा. का ते उद्याच्या नोंदीत.

९ फेब्रुवारी : शूट

मूळ बेत अकराला गाडी बंद झाली की सुरू करायचा होता. गेल्या रविवारी मुद्दाम त्या वेळेला जाऊन नुसता ऐकत बसलो म्हणून वाचलो. रविवारी अकरा ते एक म्हणजे प्रत्येक घरात मटण. वाटणाचे मिक्सर, कुकर, जिन्यात पोरं, आणि रुळांवरून गाडी जात नसल्यामुळे हे सगळं जास्तच स्वच्छ ऐकू येतं! लोकल इतके दिवस बाकीचे आवाज झाकत होती. पण दोन वाजता बिल्डिंग झोपते. दार लोटलेलं, टीव्ही बारीक, जिना मोकळा. म्हणजे आपल्याला मिळाला वेळ दोन ते चार. दोन तास, दीड तासाच्या मुलाखतीला.

हार्बर बंद, म्हणून आम्ही मेन लाईनने शीवला उतरून चालत आलो, स्टँड खांद्यावर. बाराला लावालाव सुरू. गोधड्या, गादी, फ्रीज बंद, चावी आत. सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, काकूंचा पण, त्यांच्या बहिणीचा रविवारचा फोन असतो तो आधी करून घ्यायला लावला. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, काकांनी सगळं वाचूनच सही केली आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

दोनला पाच कमी असताना खाली रुळांवर घरघर. ब्लॉक कशासाठी असतो ते विसरूनच गेलेलो, काम करायलाच असतो. टॅम्पिंगचं पिवळं मशीन हळूहळू येत बरोबर खिडकीखाली खडी दाबायला लागलं, काचा थरथरत होत्या. मित्र म्हणाला झालं आता. करणार काय, बसलो. काका खिडकीत जाऊन ते मशीन कसं चालतंय ते बघत होते, गाडी चालवलेला माणूस. पंचवीसेक मिनिटांनी ते फाटकाच्या दिशेने पुढे सरकलं आणि खरंच शांत झालं, चुनाभट्टीत मी इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.

दोन वीसला टाळी वाजवून (नंतर चित्र आणि साऊंड जुळवायला) सुरू. मी लेन्सच्या अगदी बाजूला, डोळे काकांच्या डोळ्यांच्या पातळीवर यावेत म्हणून बुटक्या स्टुलावर. पहिली दहा मिनिटं काका माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते कारण तिथून गादीच्या आडून काकू साल दुरुस्त करत होत्या. "८४ नव्हे हो, ८६, धाकटी झाली ते वर्ष." नजर सारखी फ्रेमबाहेर जाते म्हटल्यावर थांबवलं, काकूंची खुर्ची सरळ माझ्या पाठीमागे लावली. मग काका त्यांच्याशीच बोलत राहिले आणि नजर मात्र बरोबर जागेवर आली. काकूंचा आवाज मधूनमधून टेपवर आहे, तो मी काढणार नाहीये, संस्थेला तसं कळवलं.

दुसरा घोळ. मोठा कॅमेरा जुना मॉडेल, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी स्वतःच रेकॉर्डिंग थांबवतो. हे मित्राला माहीत होतं, त्याने पंचविसाव्या मिनिटाला थांबवून परत चालू करायचं ठरवलं होतं, पण नेमके काका तेव्हा पावसाळ्यात झुकलेल्या फांद्यांचं सांगत होते. कुठल्या रस्त्यावर कुठल्या झाडाची फांदी वरच्या डेकच्या काचेला लागते हे ड्रायव्हरला पाठ असायला लागतं, आणि एका रात्रीत वादळाने फांदी खाली आली तर ते पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरलाच कळतं, काच फुटल्यावर. मित्र ऐकत राहिला. कॅमेरा बंद पडला, साधारण दीड मिनिट गेलं. साऊंड रेकॉर्डर वेगळा चालू होता आणि दुसरा कॅमेरा पण, त्यामुळे गोष्ट वाचली, फक्त त्या दीड मिनिटात काका लांबून दिसतील. सगळं एकाच यंत्रात कोंबलं असतं तर हीच गोष्ट पुन्हा सांगायला लावावी लागली असती, आणि ती तशी आली नसती.

साडेतीनच्या सुमारास सगळ्या बिल्डिंगमधून एकदम ओरडा. मॅच होती. बॅटिंग समोरच्यांची होती म्हणून विकेटपुरताच ओरडा, आपली असती तर प्रत्येक चौकाराला कट करावं लागलं असतं. घंटीची गोष्ट शेवटी ठेवली होती. काकांनी ग्लास वाजवला, टण, टण टण, आणि पाय दाबला गेला. दुसऱ्या कॅमेऱ्यात स्वच्छ आहे. पाय दाबला गेल्यावर ते पुढच्या वाक्याआधी क्षणभर थांबले, गाडी हलायला जेवढा वेळ लागेल तेवढे.

चारला दहा कमी असताना संपवलं. नंतर सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड केला, एडिटिंगमध्ये सांधे बुजवायला लागतो. मग हात, चष्मा, बॅज, लग्नातला फोटो असे सुटे शॉट. पहिली लोकल भोंगा देत गेली तेव्हा आम्ही वायरी गुंडाळत होतो.

१० फेब्रुवारी : हिशोब आणि राहिलेलं

फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरवलं, त्यानंतरच कार्ड रिकामी केली. सामान परत, डिपॉझिट मिळालं.

भाडं : लाईट १२००, कॉलर माईक ६००, शॉटगन आणि बूम ७००, लेन्स ९००. टॅक्सी जाऊन-येऊन १२१०. चुलतभावाला १०००. स्पाइक गार्ड, टेप, सेल मिळून ७६०. खाणं ६४०. बुडालेला ॲडव्हान्स १०००. एकूण ८०१०. माझा आणि मित्राचा वेळ धरलेला नाही.

साऊंड ऐकला. कॉलर माईकवर एका जागी कापडाचा आवाज आहे, काका हात वर करून फांदी दाखवतात तिथे, ते तुकडे शॉटगनवरून घेणार. टॅम्पिंग मशीन सुरुवातीला लांबून ऐकू येतं पण बोलण्याखाली जातं. ग्लासचा आवाज टोचत नाही, मित्राने मान्य केलं.

राहिलंय ते आणिक डेपोतलं. तिथल्या जुन्या गाडीशेजारी काकांना उभं करून पाच मिनिटांचं शूट, त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आज टाकलं. काकांनी विचारलंय की केबिनमध्ये बसायला देतील का, तेही पत्रात घातलंय.